मधल्या सुट्टीतले पित्त

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाच्या अंगाला खाज सुटली, लाल चट्टे आले, गांधी उठल्या, की आपल्याकडे घरातले वडीलधारे माणूस लगेच निदान करते : पित्त उठले. मग आमसुले भिजवून त्यांचा कोळ अंगाला चोळायचा, मुलाला पांघरुणात गुंडाळून निजवायचे आणि वाट पाहायची. बहुतेक वेळा तास-दोन तासांत चट्टे मावळतात आणि आमसुलाला श्रेय मिळते. या उपायाला हसण्याचा माझा हेतू नाही. मीही लहानपणी तो कोळ चोळून घेतलेला आहे. परंतु तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना माझ्या लक्षात आले आहे, की ‘पित्त’ हा शब्द आपल्याला थांबायला शिकवतो, आणि काही थोड्या मुलांच्या बाबतीत थांबण्याइतके धोक्याचे दुसरे काही नसते.

चौथीत शिकणाऱ्या एका मुलीची हकीकत सांगतो. मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिने पोळीच्या एका घासाबरोबर खाल्ली. पाच-दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले आणि अंगभर गांधी उठल्या. बाईंनी पित्त समजून कपाटातली खाजेची गोळी दिली आणि तिला बाकावर बसवले. नंतर तिला उलटी झाली, तेव्हा चटणी बाधली असे ठरले. आवाज घोगरा होऊन तिला धाप लागली, तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली, आणि दुचाकीवर दोघांच्या मध्ये ताठ बसवून तिला माझ्याकडे आणण्यात आले. ती वाचली. शिक्षकांनी मायेत काहीही कमी केले नव्हते. त्यांना कोणी काही सांगितलेलेच नव्हते. मुलीला शेंगदाणा चालत नाही हे आईला ठाऊक होते, पण शाळेच्या एकाही कागदावर त्याची नोंद नव्हती.

या मुलीला जे झाले त्याला, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या जिवावर बेतणाऱ्या झटक्याला, वैद्यकात अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1902 मध्ये हा शब्द रूढ केला. समुद्रातील अ‍ॅनिमोन या प्राण्याचे विष त्यांनी कुत्र्यांना टोचले होते. पहिल्या वेळी तगलेला कुत्रा काही आठवड्यांनंतर त्याहून कितीतरी कमी विषाने काही मिनिटांत मेला. रिशे यांना या कामासाठी 1913 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की ‘मागे खाल्ले तेव्हा काहीच झाले नव्हते’ हे वाक्य मी पालकांकडून नेहमी ऐकतो. शरीर आधीच्या भेटीत त्या पदार्थातील प्रथिनाला शत्रू म्हणून ओळखून ठेवते आणि पुढच्या भेटीत त्याच्यावर तुटून पडते. त्या झटापटीत हिस्टामिनसारखी द्रव्ये एकाएकी बाहेर पडतात, रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो आणि श्वासनलिका आवळतात.

म्हणून शिक्षकांनी एक खूण पक्की ध्यानात ठेवावी. केवळ कातडीवर चट्टे असतील तर मुलावर नजर ठेवावी आणि पालकांना कळवावे. पण चट्ट्यांच्या जोडीला श्वास, आवाज, पोट किंवा शुद्ध यांपैकी कशातही बिघाड दिसला, तर ते पित्त नव्हे. काही मुलांच्या अंगावर एकही चट्टा उमटत नाही, हेही लक्षात असू द्यावे. लहान मुले श्वास लागतो असे म्हणत नाहीत. ती म्हणतात, जीभ जाड झाली, घशात काहीतरी अडकले आहे, तोंडात टोचते आहे. ज्याला आधीपासून दमा आहे, त्याच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे.

या अवस्थेवरचे पहिले औषध एकच आहे, अ‍ॅड्रिनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत टोचतात. मात्रा वजनाच्या दर किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला 0.2 मिलिग्रॅम, पाच मिनिटांत उतार पडला नाही तर ते पुन्हा देता येते. खाजेची गोळी कातडी शांत करते, पण मिटत चाललेला घसा उघडत नाही की कोसळणारा रक्तदाब सावरत नाही. गोळी दिल्यावर आपण काहीतरी केले असे समाधान वाटते, आणि नेमकी मोलाची मिनिटे त्या समाधानात जातात.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हे औषध पेनासारख्या साधनात भरलेले मिळते, आणि इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2017 पासून शाळांना असे जादा पेन स्वतःजवळ ठेवण्याची मुभा आहे. आपल्याकडे ही साधने सहज मिळत नाहीत. मिळते ती एक मिलिलिटरची काचेची कुपी. ती स्वस्त असते, पण ती फोडून, माप घेऊन, सुईने टोचणे हे घाबरलेल्या शिक्षकाचे काम नव्हे. ज्याला पूर्वी असा झटका येऊन गेला आहे, त्याच्या डॉक्टरांनी पालकांना ते शिकवावे आणि शाळेत कोणी काय करायचे हे लेखी द्यावे. बाकी शाळांनी निदान एवढे तरी माहीत करून घ्यावे, की अ‍ॅड्रिनॅलिन आणि प्राणवायू असलेले सर्वांत जवळचे ठिकाण कोणते, तिथे पोहोचायला किती मिनिटे लागतात आणि दुपारी दोन वाजता तिथे डॉक्टर असतात का. हा शेवटचा प्रश्न स्वतः जाऊन विचारावा. दारावरच्या पाटीवर विसंबू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवताना ‘मुलाला चक्कर आली’ असे न सांगता ‘अ‍ॅलर्जी होऊन श्वास लागला आहे’ असे स्पष्ट सांगावे.

रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, परंतु उभे करू नये, चालवू नये आणि तोंड धुवायला एकटे तर मुळीच पाठवू नये. रक्तदाब उतरलेला असताना एकदम उभे केले, तर हृदयाकडे परतणारे रक्त आटते आणि मूल जागीच कोसळू शकते. दुचाकीवर दोघांच्या मध्ये ताठ बसवणे म्हणूनच धोक्याचे असते.

आता झटका येऊच नये यासाठी काय करावे. डबा वाटून खाणे हा आपल्या शाळांचा फार जुना संस्कार आहे आणि तो मोडा असे मी म्हणणार नाही. पण शेंगदाण्याचे कूट आपल्याकडे भाजीत असते, कोशिंबिरीत असते, उपवासाच्या खिचडीत असते आणि चिक्कीत तर असतेच. संक्रांतीला तीळ आणि शेंगदाणा एकाच लाडवात येतात आणि एकाच हाताने साऱ्या वर्गाला वाटले जातात. किनारपट्टीच्या गावांत कोळंबी आणि काजू यांचाही विचार करावा लागतो. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला कोपऱ्यात एकटे बसवणे हा सोपा उपाय आहे, पण तो मला क्रूर वाटतो. त्याने पंगतीतच बसावे, त्याच्या शेजारी त्याला चालेल असाच डबा आणणारा मित्र बसावा आणि जेवणानंतर साऱ्या वर्गाने साबणाने हात धुवावेत. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश निघत नाही. साबण आणि पाणीच लागते.

शालेय पोषण आहारात 2023 च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरले, तेव्हा शाकाहार आणि मांसाहार यांवर पुष्कळ वाद झाला. कोणत्या मुलाला अंडे सोसत नाही याची चौकशी मात्र मला फारशी ऐकू आली नाही. ही चौकशी अवघड नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करतेच. त्याच दिवशी पालकांना एक प्रश्न विचारून उत्तर हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवता येईल आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंना समजावून सांगता येईल. वेष्टनातल्या खाऊवर दूध, अंडे, मासे, शेंगदाणा, सोयाबीन, गहू यांसारखे घटक जाहीर करणे नियमाने बंधनकारक आहे, पण वाढदिवसाची चॉकलेटे वाटताना तो बारीक मजकूर वाचतो कोण?

पालकांनाही एक विनंती आहे. शंभर-शंभर पदार्थांची रक्ततपासणी करून आणायची आणि निम्मा स्वयंपाक बंद करायचा, असे करू नका. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली म्हणजे तो पदार्थ मुलाला बाधतोच असे नाही. काय खाल्ले, किती वेळाने आणि काय झाले, ही हकीकत डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते.

किल्ल्यांवरच्या आणि लेण्यांच्या सहलींत धोका खाण्याचा नसून आग्या मधमाश्यांचा असतो. पोळ्याजवळ धूर, दगडफेक, आरडाओरडा आणि उग्र अत्तर टाळावे. पूर्वी माशी चावून अंगभर सूज आलेले मूल सहलीत असेल, तर त्याच्यासाठीची तयारी पायथ्याच्या गाडीत न ठेवता वर चढणाऱ्या शिक्षकाच्या पिशवीत ठेवावी.

झटका ओसरल्यानंतर मूल हसू-बोलू लागते आणि सगळ्यांना घरी जाण्याची घाई होते. काही मुलांना चार, आठ, कधी बारा तासांनीही पदार्थ पुन्हा न खाता दुसरा झटका येतो. म्हणून डॉक्टर थांबा म्हणतील तेवढा वेळ दवाखान्यातच थांबावे. त्या चौथीतल्या मुलीला मी रात्रभर ठेवून घेतले, तेव्हा तिचे वडील जरा नाराजच झाले होते. पहाटे तीनच्या सुमाराला तिच्या अंगावर पुन्हा गांधी उठल्या आणि तिला खोकला सुरू झाला. सुई माझ्या हाताशी तयार होती.