पोत दिसतो तो सावलीमुळे

दिवे मुद्दाम मालवलेत, वीज गेलेली नाही. पडद्यावर काय दिसतंय? वाळवंट? नांगरलेलं शेत? कुणीतरी समुद्रही म्हणालं. हे एका कापडी बांधणीच्या वहीचं कव्हर आहे. आता दुसरा फोटो पाहा : सपाट निळा चौकोन, ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. वही तीच, लेन्सही तीच. पहिल्या वेळी टॉर्च टेबलावर जवळजवळ आडवा ठेवला होता, दुसऱ्या वेळी कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश मारला. एवढाच फरक.

हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. पृष्ठभागावर १ मिलिमीटरचा उंचवटा आहे असं धरा. प्रकाश ४५ अंशांनी आला तर सावली १ मिलिमीटरची. १० अंशांवर ती साडेपाचच्या वर जाते, ५ अंशांवर ११ च्या पुढे. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये सावली वस्तूमागेच लपते, मग पोत दिसणार कशाने? पौर्णिमेचा चंद्र सगळ्यात तेजस्वी, पण दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना अर्धा चंद्र आवडतो. उजेड-अंधाराच्या सीमेवर सूर्य क्षितिजालगत असतो आणि विवरं ठसठशीत उठतात. जुनी चित्रं तपासणारेही रंगाचे उठलेले पापुद्रे शोधायला असाच तिरपा प्रकाश टाकतात.

दिवा फार जवळ आणू नका. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. टॉर्चपासून वहीची एक कड १० सेंटिमीटरवर आणि दुसरी २० वर असेल, तर एक कड जळते, दुसरी बुडते. कोन तोच ठेवून टॉर्च मागे न्या. तरी सावल्या फार काळ्या वाटल्या तर पलीकडे पांढरा कागद उभा करा. गंज, दगड, सोललेला रंग यांना उघडा, टोकदार प्रकाश मानवतो. लोकरीला मी टॉर्चपुढे पातळ कागद धरतो.

एक गंमत. उजेड वरूनच येणार, असं आपला मेंदू धरून चालतो. त्यामुळे फोटो उलटा केला की उंचवट्यांचे खड्डे दिसू शकतात. एका प्रदर्शनात माझा गंजलेल्या पत्र्याचा फोटो उलटा टांगला गेला. फुगलेले पापुद्रे खोलगट दिसत होते, आणि लोक त्याचंच कौतुक करत होते. मी गप्प राहिलो. तेव्हापासून मात्र प्रकाश चौकटीच्या वरच्या बाजूनेच येऊ देतो.

आता फोकस. वस्तू सेन्सरवर आहे त्याच आकारात उमटवायची असेल, तर फुल-फ्रेम (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र, म्हणजे अपर्चर, एफ/८ इतकं लहान केलं तरी जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. कॅमेरा किंचित कलला तरी एक कोपरा गेलाच. यासाठी पृष्ठभागावर छोटा आरसा सपाट ठेवा. त्यात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर चौकटीच्या मध्यावर दिसलं, की कॅमेरा समांतर. थेट एफ/२२ वर, म्हणजे आणखी लहान छिद्रावर, जाण्याचा मोह आवरा. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश विवर्तनाने पसरतो आणि सगळंच थोडं मऊ होतं. त्यापेक्षा फोकस पुढे सरकवत बरेच फोटो घ्या आणि ते जोडा.

मला स्वतःला याच्या उलट करायला जास्त आवडतं. कॅमेरा मुद्दाम कलता धरायचा, अपर्चर मोकळं सोडायचं. झाडाच्या सालीवरची एकच भेग धारदार येते, बाकीचं विरघळतं. ती पट्टी कुठे पाडायची, यावर मी अर्धा अर्धा तास घालवतो.

चकाकीबद्दल थोडक्यात : ओल्या किंवा वार्निश केलेल्या लाकडावर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) कामाचा, उघड्या धातूवर जवळपास निरुपयोगी.

दिवे इतक्यात लावू नका. हा टॉर्च मागे देतोय. आधी तळहातावर समोरून मारा, मग अंगठ्याच्या बाजूने, हाताला लागेल इतका आडवा. पाहून झालं की शेजारच्यांना द्या.