पाषाणचे संचालक आणि एव्हरेस्टवरची काचेची नळी

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात पाषाणच्या रस्त्यानं बसमधून गेला असाल, तर कंडक्टरची हाक तुमच्या कानावर पडली असेल, ‘एनसीएल, एनसीएल, चला उतरा.’ हा एक बसथांबा आहे एवढंच पुष्कळांना ठाऊक असतं. आत काय चालतं, ते कुणी सुरू केलं, हे विचारलं तर माणसं हसून विषय बदलतात. म्हणून आज बोलायचंय ते एनसीएलबद्दल, म्हणजेच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबद्दल. खरं सांगायचं तर तिच्या एका संचालकांबद्दल.

आधी दोन तारखा सांगतो, त्या लक्षात ठेवा. या प्रयोगशाळेची कोनशिला बसली 6 एप्रिल 1947 रोजी, त्या वेळच्या मुंबई प्रांताचे पंतप्रधान, आजच्या भाषेत मुख्यमंत्री, बाळासाहेब खेर यांच्या हस्ते. स्वातंत्र्याला अजून चार महिने होते. आणि उद्घाटन झालं 3 जानेवारी 1950 रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते. तेव्हा देश प्रजासत्ताक व्हायला 23 दिवस उरले होते. कोनशिला पारतंत्र्यात आणि उद्घाटन प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावर. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, धान्य रेशनवर मिळत होतं, आणि अशा दिवसांत हा देश रसायनशास्त्राची प्रयोगशाळा बांधत होता. मला याचा अतिशय अभिमान वाटतो, दर वेळी वाटतो.

पहिले संचालक होते जेम्स विल्यम मॅकबेन. जन्मानं कॅनडाचे, आधी इंग्लंडात ब्रिस्टलला आणि मग अमेरिकेत स्टॅनफर्डला प्राध्यापक. सत्तरीला टेकलेला हा माणूस पुण्यात आला. त्यांचा विषय कोणता, तर साबण! हो, तुमच्या-आमच्या मोरीतला साबण. साबणाच्या पाण्यातून वीज किती सहज वाहते हे त्यांनी मोजलं आणि त्यांना कोडं पडलं, कारण वीज अपेक्षेपेक्षा फारच सहज वाहत होती. त्यांनी अनुमान काढलं, की साबणाचे कण पाण्यात सुटे हिंडत नाहीत, ते गोळा होऊन गट करतात. त्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. मग तेलाकडची टोकं आत आणि पाण्याकडची बाहेर, असा चेंडू तयार होतो. ताटाचा तेलकटपणा त्या चेंडूच्या पोटात शिरतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. मॅकबेननी हे लंडनच्या विद्वानांपुढे मांडलं, तेव्हा अध्यक्षांनी त्यांना एका शब्दात उडवून लावलं, असं रसायनशास्त्राच्या वर्गात आजही सांगतात. पुढे तेच खरं ठरलं. विहिरीच्या जड पाण्यात फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो, तेव्हा आपण त्या चेंडूंच्या वाटेतल्या चुन्याशीच झगडत असतो. जाता जाता सांगतो, धुण्याच्या बादलीत मूठमूठ पावडर ओतण्याची आपली सवय मला मुळीच पटत नाही. कपडा जास्त स्वच्छ होत नाही, ओढा मात्र फेसाळतो.

असो. आता मला ज्यांच्याकडे यायचं होतं, त्यांच्याकडे येतो. दुसरे संचालक, जॉर्ज इंगल फिंच. 1952 ते 1957 अशी पाच वर्षं ते पाषाणला होते. जन्म 1888 चा, ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावचा. रसायनशास्त्र शिकले स्वित्झर्लंडात झुरिकला, आणि आल्प्सचे कडे चढायलाही तिथल्याच दिवसांत शिकले.

1922 साली इंग्रजांची मोहीम एव्हरेस्टवर निघाली. नेपाळची वाट बंद होती, म्हणून दार्जिलिंगहून तिबेटमार्गे. फिंच त्या मोहिमेत होते आणि त्यांच्याकडे काम होतं ऑक्सिजनचं. पोलादी नळकांडी, तांब्या-रबराच्या नळ्या, झडपा, असं सगळं ओझं पाठीवर घेऊन चढायचं. चार नळकांड्यांचं एक खोगीर सुमारे 15 किलोंचं! मोहिमेतल्या बऱ्याच जणांना हे मुळात मान्य नव्हतं. त्यांच्या मते बाटलीतली हवा घेऊन चढणं ही लबाडी होती. ओझी वाहणारे शेर्पा तिला ‘इंग्रजांची हवा’ म्हणत.

फिंच मात्र रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. वर हवा विरळ आहे, फुप्फुसाला प्राणवायू कमी पडतो, तर तो बरोबर न्या. थंडीवर गरम कपडे चालतात ना? मग विरळ हवेवर ऑक्सिजन का नको? कपड्यांचं म्हणाल, तर बाकीचे लोकरी कोट घालून चढत होते. फिंचनी बलूनच्या कापडाचा, आत बदकाची मऊ पिसं भरलेला कोट स्वतः आखून शिवून घेतला होता. लोक आधी हसले. थंडी पडल्यावर त्याच कोटाचा त्यांना हेवा वाटू लागला. आज मनालीला जाताना आपण जे फुगीर जाकीट घालतो ना, त्याच जातीचा तो कोट.

तिबेटच्या कोरड्या हवेतून महिनाभर हिंदकळत आलेली ती उपकरणं तळछावणीवर उघडली, तर त्यांची दशा झालेली. वायसर आकसलेले, सांधे गळके. फिंच कामाला बसले. डाग दिले, सांधे बसवले. बरोबर आलेले मुखवटे काही उपयोगाचे नव्हते, त्यात श्वास कोंडायचा. तेव्हा त्यांनी खेळण्यातल्या फुटबॉलचे रबरी फुगे घेतले, काचेच्या त्रिमुखी नळ्या घेतल्या आणि त्यातून स्वतःचा मुखवटा बनवला. खेळण्यातला फुगा आणि काचेची नळी. ही काचेची नळी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

21 मे रोजी मोहिमेतले मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरव्हेल हे तिघं गिर्यारोहक ऑक्सिजनशिवाय 26,985 फुटांपर्यंत जाऊन आले. तोवर माणूस एवढ्या उंचीवर कधीच चढला नव्हता. मग फिंचची पाळी आली. बरोबर कोण, तर जेफ्री ब्रूस नावाचा तरुण लष्करी अधिकारी, ज्यानं याआधी एकही खरा डोंगर चढलेला नव्हता, आणि गुरखा पलटणीतला तेजबीर. 25,500 फुटांवर त्यांनी तंबू ठोकला, आणि वादळ सुटलं.

श्रोतेहो, सह्याद्रीत भर पावसात तंबू उडालेले तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. इथे तर कड्याच्या अंगावर एक इवलासा तंबू, आत तीन माणसं. रात्रभर वारा खालून शिरून तंबू उचलू पाहतोय आणि हे तिघं आपल्या अंगाच्या वजनानं तो जमिनीला दाबून धरून आहेत. सकाळ झाली, तरी वादळ तसंच. दुपार उलटल्यावर वारा पडला, पण खाली उतरायचं नाही असं तिघांनी ठरवलं. जेवण जवळपास संपलेलं. संध्याकाळी बाहेर हाका ऐकू आल्या. खालच्या छावणीतून नोएल या छायाचित्रकारानं पाठवलेले शेर्पा गरम चहाचे थर्मास घेऊन वर आले होते. तसल्या वाऱ्यानंतर, तसल्या जागी, चहा! त्या शेर्पांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे इतिहासात शिखरावरच्याचं नाव राहतं आणि चहा नेणाऱ्याचं पुसलं जातं.

शेर्पा परत गेले. दुसरी रात्र सुरू झाली. पोट रिकामं, थंडी हातापायांतून आत चढू लागलेली, आणि हे गोठणं बरं नव्हे हे फिंचना कळत होतं. तेव्हा त्यांना सुचलं, की चढताना वापरायचा तो ऑक्सिजन आत्ताच का घेऊ नये? त्यांनी नळकांडं तंबूत ओढलं आणि रात्रभर प्रत्येकाला थोडा थोडा मिळत राहील अशी नळ्यांची जोडणी केली. थोड्याच वेळात अंगात ऊब परतली. तिघंही झोपले. रक्ताला प्राणवायू मिळाला, की शरीराची शेगडी पेटते. चुलीला फुंकणीनं वारा घालतो तसंच हे, वेगळं काही नाही. आज उंच शिखरांवर झोपताना ऑक्सिजन घेतात, त्याची वाट त्या रात्री त्या तंबूतून निघाली.

27 मे. सकाळी साडेसहाला निघाले. 26,000 फुटांच्या आसपास तेजबीरची ताकद संपली, तो मागे फिरला. फिंच आणि ब्रूस पुढे गेले, वेगानं गेले, आणि मॅलरीचा उच्चांक मागे टाकला. 27,300 फूट. इथे ब्रूस एकदम हेलपाटला. त्याचा ऑक्सिजन बंद पडला होता. का? काचेची नळी तुटली होती! फिंचनी त्याला धरलं, स्वतःची नळी त्याच्या तोंडाशी दिली, मग जोड काढून दोघांचा श्वास एकाच उपकरणावर चालवला आणि तुटलेली नळी बदलली. जवळ जादा नळी होती, म्हणून. शिखर उरलं होतं साधारण 1,700 फूट. ब्रूसला पुढे जायचं होतं. फिंचनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं, की आणखी थोडं वर गेलो तर दोघांपैकी एकही परत येणार नाही. ते वळले. चढाईतला हा निर्णय मला सगळ्यात मोठा वाटतो.

पुढच्या मोहिमेत, 1924 साली, त्यांना नेलं नाही. फिंच त्या मंडळींना आपल्यातले वाटतच नसत, व्याख्यानांच्या पैशांवरूनही वाद झाले होते. त्यांचा ऑक्सिजन मात्र नेला. तेव्हा मॅलरी स्वतः तो पाठीवर घेऊन निघाला आणि परतला नाही.

फिंच प्रयोगशाळेकडे वळले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. इलेक्ट्रॉनांचा झोत धातूच्या पृष्ठभागावर तिरपा सोडायचा, त्यातून उमटणाऱ्या कड्यांचा फोटो घ्यायचा, आणि वरच्या पातळ थरातले अणू कसे मांडलेत ते वाचायचं, हे त्यांचं काम. घासलेल्या, झिजलेल्या, तेल लावलेल्या धातूचं वरचं कातडं नेमकं कसं असतं, ते त्यांनी शोधलं. 1938 मध्ये रॉयल सोसायटीचे, म्हणजे इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेचे, फेलो झाले. आणि 1952 साली पुण्यात आले.

आता तारीख ऐका. 29 मे 1953. हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर पोचले. पाठीवर ऑक्सिजन. अंगात पिसांचे कपडे. ज्या माणसानं 31 वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टींसाठी टीका सोसली, तो माणूस तेव्हा आपल्या पुण्यात, एनसीएलचा संचालक होता. पुन्हा सांगतो, एनसीएलचा संचालक होता. हे पुण्यातल्या शाळांमधून सांगायला हवं. आणि शाळांचा विषय निघाला म्हणून सांगतो, प्रयोगशाळेला कुलूप लावून मुलांना प्रयोग फळ्यावर शिकवणं बंद व्हायला हवं. परीक्षानळी फुटेल म्हणून मुलाच्या हातात द्यायची नाही? फुटू दे. ती एक नळी गेली तरी चालेल.

फिंचनंतर 1957 मध्ये के. वेंकटरामन आले, पहिले भारतीय संचालक, रंगद्रव्यांचे जाणकार. मग बाळ दत्तात्रेय टिळक, पुढे एल. के. दोरायस्वामी, आणि 1989 पासून रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, गिरगावात वाढलेले. त्याच काळात, 1990 साली, इथल्या ऊतिसंवर्धनाच्या, म्हणजे टिश्यू कल्चरच्या, शास्त्रज्ञांनी बांबूला काचेच्या भांड्यात फुलं आणली. बांबू फुलायला जातीप्रमाणे 12 ते 120 वर्षं घेतो. तो यांच्याकडे काही महिन्यांत फुलला, आणि त्यासाठी वापरलेल्या द्रावणात नारळाचं पाणीसुद्धा होतं. ‘नेचर’ या विज्ञानाच्या नामांकित नियतकालिकात ते छापून आलं. यावर एक अख्खं भाषण होईल, आज वेळ नाही.

शेवटी त्या नळीकडे येतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काच फुंकणाऱ्यांचा एक विभाग असतो, पाषाणलाही आहे. असं काम मी जवळून पाहिलंय. रंगीत चष्मा लावलेला कारागीर, समोर निळी ज्योत, दोन्ही हातांत नळी, आणि ती नळी एकसारखी फिरतेय, क्षणभरही थांबत नाही. थांबली की काच एका बाजूला ओघळते. काच तापून लिबलिबीत होते, पिवळी धगधगते, तो एका टोकाला तोंड लावून हलकेच फुंकतो, आणि भिंतीला फुगवटा येतो. त्या फुगवट्याला छिद्र पाडून त्यानं दुसरी नळी जोडली. त्रिमुखी नळी तयार झाली. एक विद्यार्थिनी तिच्यासाठी थांबली होती. तिनं हात पुढे केला.

‘आत्ता नको,’ तो म्हणाला. ‘भट्टीत हळूहळू निवू दे. घाईनं नेलीस तर ऐन वेळी तडकेल. उद्या ये.’

नमस्कार.