‘आपली मुले’ आणि नदीपलीकडची मुलगी

पडद्यावर दिसते आहे ती अमेरिकेतली ओहायो नदी. अलीकडच्या काठावर ओहायो राज्यातले स्टुबनव्हिल, पलीकडच्या काठावर वेस्ट व्हर्जिनिया राज्यातले वेअर्टन. दोन्ही गावे पोलादावर वाढली आणि पोलादाबरोबरच खंगली. 1940 साली स्टुबनव्हिलची लोकसंख्या 37 हजारांच्या वर होती. 2010 च्या जनगणनेत ती साडेअठरा हजारांच्या आसपास उरली होती. भट्ट्या विझत गेल्या, बाजारपेठेतली दुकाने बंद पडली आणि हाताला काम शोधत तरुण माणसे गाव सोडून गेली. जे मागे राहिले, त्यांच्याकडे अभिमानाने सांगण्यासारखी एक गोष्ट मात्र शाबूत होती, ती म्हणजे गावच्या शाळेचा फुटबॉल संघ, ‘बिग रेड’.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन धावतात, प्रतिस्पर्ध्याला अंगावर झेप घेऊन पाडतात आणि शालेय सामने बहुधा शुक्रवारी रात्री, दिव्यांच्या उजेडात होतात. स्टुबनव्हिलच्या हार्डिंग मैदानात सुमारे दहा हजार प्रेक्षक बसू शकतात, म्हणजे निम्म्याहून अधिक गाव एका वेळी तिथे मावते. गुणफलकावर एका घोड्याचा पुतळा आहे आणि संघाने गुण मिळवला की त्या घोड्याच्या तोंडून ज्वाळा निघतात. 1984, 2005 आणि 2006 या वर्षी संघाने राज्याचे विजेतेपद मिळवले. मुख्य प्रशिक्षक 1983 पासून तेच होते. त्यांच्या हाताखाली घडलेली मुले पुढे गावातच नोकरी-व्यवसायाला लागली, आणि त्यांचीही मुले त्याच मैदानावर उतरली. अशा गावात प्रशिक्षकाचा शब्द घराघरांत वडीलधाऱ्यांच्या शब्दासारखा मानला जातो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. या प्रेमाची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या गावाचे सगळे हातचे गेले, त्याने उरलेल्या एका गोष्टीला घट्ट धरून ठेवावे, हे स्वाभाविकच आहे. प्रश्न एवढाच आहे की त्या घट्ट मुठीत कोण चिरडले गेले.

11 ऑगस्ट 2012, शनिवारची रात्र. शाळा सुरू होण्याआधीच्या त्या दिवसांत मुलांच्या मेजवान्या चालू होत्या आणि दारू सहज मिळत होती. पहिल्या मेजवानीचे घर संघाच्या एका स्वयंसेवक प्रशिक्षकाच्या कुटुंबाचे होते. वेअर्टनची एक 16 वर्षांची मुलगी तिथे आली होती. काही तासांत ती इतकी नशेत गेली की तिला धड उभेही राहता येईना. तिथून तिला एका घरातून दुसऱ्या घरात नेण्यात आले आणि त्या प्रवासात मोटारीच्या मागच्या आसनावर, तसेच नंतर एका घराच्या तळघरात, संघातल्या 16 वर्षांच्या दोन मुलांनी तिच्यावर लैंगिक अत्याचार केले. ते इतर मुलांनी पाहिले. एकाने मोटारीत चित्रण केले आणि नंतर ते पुसून टाकले. दोन मुलांनी हातापायांना धरून उचललेल्या त्या मुलीचे छायाचित्र त्याच रात्री समाजमाध्यमांवर फिरू लागले. दुसऱ्या एका घरात बसलेला शाळेचा एक माजी विद्यार्थी बारा मिनिटे तिच्यावर विनोद करत राहिला आणि त्याचेही चित्रण झाले. ते छायाचित्र आणि ती चित्रफीत आम्ही या माहितीपटात दाखवणार नाही. त्या मुलांची नावेही घेणार नाही आणि मुलीची ओळख तर कोणत्याच रीतीने उघड करणार नाही.

सकाळी ती एका अनोळखी तळघरात, अंगावर कपडे नसलेल्या अवस्थेत जागी झाली. रात्री काय घडले ते तिला आठवत नव्हते. ते तिला पुढच्या दोन-तीन दिवसांत इतरांच्या मोबाइलवरून, तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. स्वतःवर झालेल्या गुन्ह्याची बातमी स्वतःलाच सर्वांत शेवटी कळावी, यातले क्रौर्य शब्दांत मांडणे अवघड आहे. 14 ऑगस्टला तिच्या आईवडिलांनी पोलिसांकडे तक्रार केली. वैद्यकीय पुरावा मिळण्याची वेळ तोपर्यंत निघून गेली होती. 22 ऑगस्टला दोन मुलांना अटक झाली.

गावात काय बोलले जाऊ लागले, ते महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला वेगळे ऐकवण्याची गरज पडू नये. ती तिथे गेलीच कशाला, इतकी प्यायली कशाला, आता मुलांच्या भवितव्याचे काय, आणि ऐन मोसमात संघाचे काय. संघाच्या दुसऱ्या एका स्वयंसेवक प्रशिक्षकाने तर वार्ताहराला उघडपणे सांगितले की दारू पिऊन घरी गेल्यावर आईवडिलांना सांगायला तिला काहीतरी रचावेच लागले असणार, आणि आता लोक त्यावरून आमचा फुटबॉल संघ उद्ध्वस्त करायला निघाले आहेत. त्या वाक्यात संघाला इजा पोहोचते आहे आणि मुलीला काहीच झालेले नाही. आरोप असलेली दोन मुले संघाबाहेर गेली, पण त्या रात्री छायाचित्रे काढणारी आणि पसरवणारी मुले मोसमाचा बराच काळ खेळत राहिली. ऑक्टोबरमधल्या प्राथमिक सुनावणीत मुख्य प्रशिक्षकांनी आरोपींच्या चांगल्या वर्तनाची ग्वाही देणारी साक्ष दिली.

हे प्रकरण गावाच्या वेशीआड राहिले नाही, याचे श्रेय आधी एका स्त्रीला द्यावे लागते. ती पूर्वी याच गावात राहत असे आणि गुन्हेगारीविषयी ब्लॉग लिहीत असे. मुलांनी आपापले लिखाण आणि छायाचित्रे पुसून टाकण्यापूर्वी तिने त्यांच्या प्रती जपून ठेवल्या. ऑक्टोबरमध्ये एका मुलाच्या कुटुंबाने तिच्यावर बदनामीचा दावा लावला आणि डिसेंबरअखेर तो मागे घेतला. 16 डिसेंबर 2012 रोजी न्यूयॉर्क टाइम्सने या प्रकरणाचा सविस्तर वृत्तान्त संकेतस्थळावर प्रसिद्ध केला. ही तारीख आपल्यालाही विसरता येण्यासारखी नाही, कारण दिल्लीतल्या त्या बसमधली रात्र हीच. पुढचे काही आठवडे जगाच्या दोन टोकांना, एकमेकांशी काहीही संबंध नसलेली माणसे एकाच कारणासाठी थंडीत रस्त्यावर उभी होती.

2 जानेवारी 2013 रोजी ‘अनॉनिमस’ या नावाने वावरणाऱ्या संगणक-घुसखोरांच्या गटाने ती बारा मिनिटांची चित्रफीत सर्वांसमोर आणली. या गटाने काही निराधार आरोपही पसरवले आणि ज्यांचा या गुन्ह्याशी संबंध नव्हता अशांनाही त्याची झळ बसली. तेही नोंदवायलाच हवे. नगर प्रशासनाने आपली बाजू मांडणारे संकेतस्थळ सुरू केले. त्या शाळेतून शिकून पोलीस दलात गेलेल्यांची संख्या किती, असा तपशीलही त्यावर दिला होता, कारण पोलीसही ‘आपल्यातलेच’ आहेत असा संशय सगळीकडे बोलला जात होता. स्थानिक सरकारी वकील आणि स्थानिक न्यायाधीश दोघेही आधीच बाजूला झाले होते आणि खटला राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाकडे गेला होता.

5 जानेवारीला स्टुबनव्हिलमधल्या जेफरसन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, न्यायालयापुढे हजारावर माणसे जमली. पायऱ्यांवरचा ध्वनिक्षेपक घोषणा देणाऱ्यांकडून हळूहळू दुसऱ्याच माणसांकडे गेला. चेहऱ्यावर मुखवटा लावलेल्या स्त्रिया पुढे आल्या आणि आपल्यावर झालेल्या अत्याचारांविषयी बोलल्या, काहीजणी तर आयुष्यात पहिल्यांदाच. बोलून झाल्यावर काहींनी मुखवटे काढले. या प्रकरणातल्या चित्रफितीची, छायाचित्रांची आणि संदेशांची पुष्कळ चर्चा झाली आहे. पण आमच्या मते त्या गावात त्या हिवाळ्यात घडलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट या पायऱ्यांवर घडली. ‘असे काही आपल्याकडे होत नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या शेजारीच ती माणसे इतकी वर्षे राहत होती.

मार्च 2013 मध्ये बालन्यायालयात खटला चालला. त्यासाठी न्यायाधीश दुसऱ्या जिल्ह्यातून आले. तपासयंत्रणेने मोबाइल फोनांतून 3 लाख 96 हजारांहून अधिक संदेश आणि 3 लाखांहून अधिक छायाचित्रे तपासली होती. त्यांतले निवडक संदेश न्यायालयात वाचले गेले, आणि गावाने आपल्याच मुलांची भाषा प्रथमच मोठ्या आवाजात ऐकली. एका आरोपीने मित्राला कळवले होते की मुख्य प्रशिक्षकांनी सगळे सांभाळून घेतले आहे, ते तर यावर विनोद करत होते, त्यामुळे आपल्याला काळजी नाही. मुख्य प्रशिक्षकांवर कधीच आरोप ठेवला गेला नाही आणि एका मुलाच्या संदेशावरून त्यांना दोषी ठरवणे योग्य होणार नाही; पण त्या मुलाला असे खात्रीने वाटत होते, एवढे त्या संदेशातून नक्कीच दिसते.

खटला भरला जाणार नाही या हमीवर तीन मित्रांनी साक्ष दिली. त्यांच्यातल्या एकाने त्या रात्री दारू प्यायलेल्या मित्राच्या हातून गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या, कारण पिऊन गाडी चालवणे धोक्याचे असते हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याच मुलाने थोड्या वेळाने तळघरात जे चालले होते ते पाहिले आणि तो निघून गेला. का थांबवले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला की त्यात मारहाण नव्हती, आणि बलात्कार म्हणजे नेमके काय हे आपल्याला माहीत नव्हते. हे उत्तर बचावापुरते होते असे म्हणता येईल. पण आम्हाला ते खरे वाटते, आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करते. किल्ल्यांविषयी त्याला कोणीतरी कधीतरी बसवून सांगितले होते. शुद्धीवर नसलेली मुलगी संमती देऊ शकत नाही, हे मात्र शाळा, मैदान आणि घर यांपैकी कुठेही त्याच्या मनावर ठसले नव्हते.

17 मार्चला न्यायाधीशांनी दोन्ही मुलांना दोषी ठरवले. मुलीच्या शरीरात बोटांनी केलेला प्रवेश ओहायोच्या कायद्यानुसार बलात्कारच होता. भारतात दिल्लीच्या घटनेनंतरची फौजदारी कायद्यातील दुरुस्ती त्याच सुमारास संसदेत येत होती आणि तिने बलात्काराची व्याख्या अशीच विस्तारली. एका मुलाला बालसुधारगृहात किमान एक वर्ष, आणि दुसऱ्याला, अल्पवयीन मुलीचे नग्न छायाचित्र पसरवल्याबद्दल आणखी एका वर्षाची भर पडून, किमान दोन वर्षे अशी शिक्षा झाली. मुले न्यायालयात रडली. सीएनएनच्या वार्तांकनात त्या अश्रूंना आणि त्यांच्या उज्ज्वल भवितव्याला इतकी जागा मिळाली की हजारो प्रेक्षकांनी निषेध नोंदवला. निकालानंतर लगेचच 15 आणि 16 वर्षांच्या दोन मुलींना, पीडित मुलीला समाजमाध्यमांवरून धमक्या दिल्याबद्दल अटक झाली. संघाशी असलेली निष्ठा मुलींच्याही मनात किती खोल गेली होती, ते यावरून कळते.

मोठ्या माणसांचा हिशेब मात्र सावकाश आणि हलक्या हाताने झाला. महिन्याभरातच, एप्रिलमध्ये, मुख्य प्रशिक्षकांचा करार पुढे वाढवण्यात आला आणि ते पुढेही अनेक वर्षे त्याच पदावर राहिले. ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, शाळा-व्यवस्थेतल्या प्रौढांवर आरोप ठेवले, त्यांत शाळांचे अधीक्षकही होते. मुलांवरील अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा तिथल्या शिक्षकांसाठी गुन्हा आहे. आपल्याकडे नोव्हेंबर 2012 पासून अमलात आलेल्या पोक्सो कायद्याने हे बंधन प्रत्येकावरच घातले आहे. मेजवानीच्या घरातल्या स्वयंसेवक प्रशिक्षकाला दहा दिवसांची कैद झाली. माहिती न कळवल्याचे आरोप समाजसेवेच्या अटीवर रद्द झाले. जानेवारी 2015 मध्ये अधीक्षकांनी राजीनामा दिला आणि त्यांच्यावरचे आरोप मागे घेण्यात आले. दोषी मुलांपैकी एकजण शिक्षा भोगून ऑगस्ट 2014 मध्ये संघात परतला होता. आणि संघाच्या चाहत्यांच्या संकेतस्थळात घुसखोरी करण्याच्या कटात सामील असलेल्या, केंद्रीय तपासयंत्रणेशी खोटे बोललेल्या ‘अनॉनिमस’मधल्या तरुणाला 2017 मध्ये दोन वर्षांचा कारावास सुनावला गेला.

न्यायालयात वाचल्या गेलेल्या त्या संदेशांमध्ये एक त्या मुलीचाही होता. आपल्याला काहीच आठवत नाही, हे कळल्यानंतरच्या दिवसांत तिने एका मित्राला विचारले होते की माझ्याशी असे वागले तेव्हा तिथे कोण कोण होते, आणि त्यांना थांबा एवढेही तुला म्हणता आले नाही का.