हर्मिटेज: दुसऱ्यांच्या तंगीतून भरलेला राजवाडा

नेवा नदीच्या काठावरचा हा हिरवा-पांढरा विंटर पॅलेस. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयाची मुख्य इमारत. या संग्रहालयाची सुरुवात झाली ती थकलेल्या उधारीतून.

साल १७६४. बर्लिनचा व्यापारी गोट्स्कोव्स्की यानं प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्यासाठी चित्रं जमवली होती. पण सात वर्षांच्या युद्धानं राजाचीच तिजोरी खरवडून काढली, आणि व्यापाऱ्याच्या डोक्यावर रशियाचं देणं तसंच राहिलं. मग पैशांच्या बदल्यात चित्रंच गेली सम्राज्ञी कॅथरीनकडे. फ्रेडरिकला न परवडलेली चित्रं आपल्या भिंतीवर! मनातून ती सुखावली नसेल तरच नवल.

पुढे हेच चाललं. इंग्लंडचे माजी पंतप्रधान वॉलपोल यांच्या नातवानं १७७९ मध्ये आजोबांचा संग्रह विकला, तोही तिलाच. चित्रांच्या दालनाला नाव पडलं हर्मिटेज, म्हणजे संन्याशाची कुटी. कुटी कसली! हे सगळं बघायला फक्त मी आणि उंदीर, असं तिनंच गमतीनं लिहून ठेवलंय. लोकांसाठी दार उघडलं ते १८५२ मध्ये, तिच्या नातवाच्या काळात. उंदरांचं म्हणाल, तर तळघरात आजही मांजरं आहेत.

आता या चित्रापाशी थांबू. डच चित्रकार रेम्ब्रांटनं रंगवलेला, बायबलच्या गोष्टीतला उधळ्या पुत्र घरी परतलाय. बापासमोर गुडघे टेकलेत. डाव्या पायातलं पायताण निसटलंय, उघडा तळवा आपल्याकडे. बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर. मुलाचा चेहरा जेमतेम दिसतो, पण त्या तळव्यावरून सगळा प्रवास कळतो.

तंगीची पाळी हर्मिटेजवरही आली. १९३०-३१ मध्ये सोव्हिएत सरकारनं इथली २१ चित्रं अमेरिकन धनाढ्य अँड्र्यू मेलन यांना विकली. राफाएलची 'अल्बा मॅडोना' तेव्हाच गेली. ती आता वॉशिंग्टनमध्ये आहे.

आणि ही शेवटची वस्तू, मुठीत मावेल एवढी. नादिरशहानं १७३९ मध्ये दिल्ली लुटली. दोनच वर्षांनी त्याचा वकील हत्ती आणि जडजवाहीर घेऊन रशियाच्या दरबारात आला. त्या नजराण्यातली ही अंगठी. धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्यात घालायची, सोन्याची, रत्नांनी मढवलेली. तिच्यावर कोरलेला किताब आहे शहाजहानचा.