मानशीपाशी नजर

(दृश्य: गोव्यातल्या दिवाडी बेटावरचं खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन. भरती चढतेय.)

मातीचा बांध आणि लाकडाची मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं दार, जिथे एकमेकांना टेकतात, तिथे खाजनातल्या जाणत्या माणसाची नजर आधी जाते. खेकड्याचं एक बीळ पुरतं. खारं पाणी शेतात.

इम्प्लांट बसवलेल्या तोंडातही असाच एक सांधा असतो. हाडात टायटॅनियमचा स्क्रू, वर दाताची कॅप, आणि दोघांना जोडणारी, हिरडीतून वर येणारी मान: अबटमेंट. दवाखाना फोंड्यातला असो की म्हापशातला, पेशंट विचारतो कॅपचा रंग आणि एकूण खर्च. मानेचं नाव कुणी काढत नाही.

(दृश्य: दात आणि इम्प्लांट, शेजारी शेजारी, आडवा छेद.)

खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. अबटमेंटमध्ये त्यांना रुतता येत नाही. ते नुसते भोवती वेढा घालतात. पकड सैल, जंतूंना वाट मोकळी. त्यातून हिरडीला इथे साधारण 3 ते 4 मिलिमीटर उंची हवीच असते. मान आखूड पडली, तर ती जागा हाडाच्या वाट्यातून जाते.

रुंदीचा किस्सा गमतीचा आहे. रुंद इम्प्लांट बाजारात आले, पण त्यांच्या मापाचे अबटमेंट नव्हते. मग अरुंदच बसवले. पुढे एक्स-रेमध्ये दिसलं, हाड अपेक्षेपेक्षा कमी झिजलंय! 2006 मध्ये हे छापून आलं आणि अडचणीतली तडजोड रीतसर पद्धत झाली.

उलट, हाडापासूनच एकदम फुगत गेलेली मान वाईट. 2018 च्या एका अभ्यासात, हाडाच्या पातळीवरच्या इम्प्लांटांमध्ये मान उभ्या रेषेपासून बाहेर झुकण्याचा कोन 30 अंशांच्या वर असलेल्यांत हाड झिजवणारा दाह जास्त आढळला. एक कारण साधं असावं: अशा फुगवट्याखाली ब्रश पोहोचत नाही.

आणि सिमेंट. कॅप चिकटवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली उतरतं. बांगड्याचा काटा रुतला तर लगेच कळतो तरी. हे महिनोन् महिने गप्प बसतं. म्हणून जमेल तिथे सिमेंटऐवजी स्क्रूने बसवलेली कॅप बरी, असं आमचं मत. अबटमेंट सारखं काढ-घाल करणंही हिरडीला मानवत नाही. दर वेळी वेढा नव्याने फाटतो.

(दृश्य: तपासणीची खुर्ची. आजी तोंड उघडून बसल्यात.)

डॉक्टर बारीक सळई हिरडीच्या कडेने हलकेच फिरवतात. रक्त नाही.

“आता सहा महिन्यांनी या, आजी.”