चार रॉड आणि मधली जागा

मागच्यांनी पुढे सरकून बसा, जॉब लहान आहे, लांबून दिसायचा नाही. पण हात लावू नका. का, ते नंतर सांगतो.

हा क्वाड्रुपोल. मास स्पेक्ट्रोमीटरचं, म्हणजे वायूतले रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राचं, काळीज म्हणा. चार गोल रॉड, एकमेकांना समांतर, दोन्ही टोकांना पांढऱ्या ॲल्युमिना सिरॅमिकच्या कड्यांत बसवलेले. हा बाद झालेला जॉब आहे, म्हणून तर तुमच्यापर्यंत आला. चांगला असता तर गिऱ्हाइकाकडे गेला असता.

काम थोडक्यात सांगतो. अलीकडच्या टोकाला फिलामेंट असते. तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन साधारण 70 व्होल्टने पळवून वायूच्या रेणूंवर सोडायचे, की रेणूंचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात. ते या चार रॉडच्या मधून जातात. समोरासमोरचे रॉड आतून जोडलेले असतात आणि त्यांच्यावर स्थिर दाबाची वीज आणि रेडिओ-फ्रिक्वेन्सीची वीज, दोन्ही एकदम दिलेल्या असतात. ठरावीक वजनाचा आयन तेवढा डुलत डुलत पार होतो. बाकीचे भरकटून रॉडवर आपटतात. पलीकडे डिटेक्टर मोजत बसलेला असतो.

ही युक्ती जर्मनीतल्या बॉनच्या वोल्फगांग पाउल यांची, 1953 ची. त्यांना 1989 साली नोबेल मिळालं. त्याआधी केंब्रिजला ॲस्टननी 1919 मध्ये केलेल्या यंत्रापासून आयन वळवायला लोहचुंबक लागायचा, चांगला जडशीळ. पाउल यांनी चुंबक काढून टाकला. छान झालं, यंत्र हलकं झालं. आपल्या मंगळयानावर आणि चांद्रयान-2 वर क्वाड्रुपोल गेले ते त्यामुळेच. पण चुंबकाचं ओझं उतरलं ते ग्राइंडिंगवाल्याच्या डोक्यावर येऊन बसलं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

कसं ते बघा. मधल्या रेषेपासून रॉडच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर समजा 4 मिलिमीटर आहे. कुठलं वजन पार होणार हे त्या अंतराच्या वर्गावर ठरतं. म्हणजे अंतरात चूक झाली की वजनात दुप्पट. एका टोकाला अंतर 4 मायक्रॉननी, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजारांश भागांनी, जास्त भरलं, तर ती हजारात एक चूक, वजनात हजारात दोन. 500 वजनाच्या आयनाला ही चूक एका पूर्ण एककाची. मग 500 आणि 501 वेगळे ओळखायचे कसे? तुमच्या डोक्यावरचा केस 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. त्यावरून 4 मायक्रॉनचा अंदाज करा.

नवीन पोरं रॉडचा व्यास मायक्रोमीटर या मापाच्या साधनावर बरोबर आणतात आणि खूश होऊन येतात. व्यास बरोबर असतो हो. पण आयन रॉडच्या आतून जात नाही, मधल्या रिकाम्या जागेतून जातो. आपल्याला जॉब त्या जागेचा मिळालेला आहे. तिला मायक्रोमीटर लावता येत नाही, म्हणून रॉड, कडी, बसवणी, सगळं सांभाळायचं. महागड्या क्वाड्रुपोलचे रॉड मॉलिब्डेनमचे करतात तेही याचसाठी. तापल्यावर तो स्टेनलेसच्या साधारण एक तृतीयांशच फुगतो, आणि सिरॅमिकशी त्याचं बऱ्यापैकी जमतं. मशिनिंगला मात्र खट्याळ, कडा कधी टवका टाकतील नेम नाही.

आता हात का लावायचा नाही ते. बोटाचं तेल निर्वातात हळूहळू उडत राहतं आणि पडद्यावर 43, 57, 71 या वजनांवर, अशा चौदा-चौदाच्या अंतरानं रांगेत उभं राहतं. चोरानं स्वतःचाच पंचनामा लिहून द्यावा तसं. पितळही आत चालत नाही, चेंबर तापवला की त्यातलं जस्त उडतं.

माझीच एक फजिती सांगतो. एक असेंब्ली लावली, पंप सुरू केला. दाब एका जागी येऊन जो अडला तो अडलाच. निदान दहाचा उणे सहावा घात मिलिबार तरी हवा होता. तेवढ्यावर रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी सरासरी 60 मीटरहून जास्त पळतो. स्पेक्ट्रमवर, म्हणजे पडद्यावरच्या वजनांच्या आलेखात, 28 आणि 32, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन. सरळ हवा! मी म्हटलं, कुठेतरी गळती आहे. प्रत्येक जोडावर बाहेरून हेलियम फवारला. गळती असती तर हेलियम आत शिरून त्याच्या वजनावर, 4 वर, दिसला असता. 4 वर काहीच येईना. जोडात हवा अडवणारे तांब्याचे गॅस्केट बदलले. दोन दिवस गेले. गिऱ्हाईक फोनवर, मी जमिनीवर आडवा.

तिसऱ्या दिवशी आमचा म्हातारा फिटर आला, उभ्या उभ्या म्हणाला, "स्क्रू कुठले लावलेत?" साधे M4 चे, म्हणजे 4 मिलिमीटरचे स्क्रू, बंद भोकात आटे पाडून बसवलेले. प्रत्येक स्क्रूच्या टोकाखाली, भोकाच्या तळाशी, चिमूटभर हवा कोंडलेली. ती आट्यांतून झिरपत होती, दिवसच्या दिवस. गळती आतली, आणि मी बाहेरून हेलियम फवारतोय.

तेव्हापासून हे स्क्रू वापरतो. हा फक्त नमुन्याचा आहे, हा घ्या हातात, पुढे द्या. मधून आरपार 1 मिलिमीटरचं भोक आहे. उजेडाकडे धरा, पलीकडचं दिसेल.