बंगल्यात शाळा, फ्लॅटमध्ये ऑफिस: अनामत देण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. ऑफिस, शाळा किंवा नर्सिंग होमसाठी बंगला पसंत पडतो, अनामत दिली जाते, रंगकाम सुरू होतं आणि मग कोणीतरी विचारतं, इथे हा वापर चालतो का? तोवर पैसे अडकलेले असतात.

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात 'विकास' म्हणजे फक्त बांधकाम नव्हे. जागेच्या वापरात ठळक बदल झाला तर तोही विकासच, मग एक वीटही हललेली नसो. त्याला परवानगी लागते. गुमास्ता लायसन्स, म्हणजे दुकान-धंद्याची नोंदणी, आणि सोसायटीचं ना हरकत पत्र हातात आलं म्हणजे झालं, असं समजणारे फार भेटतात. या दोन्हींनी वापर बदलत नाही.

बांधकाम आणि जागेचा वापर कसा असावा, याची मुंबईची नियमावली वेगळी आहे. राज्यातल्या बाकीच्या बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून यूडीसीपीआर, म्हणजे एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, ही एकच नियमावली लागू आहे. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणी नकाशा घेऊन नगररचना विभागात जा, झोन दाखला (जागा रहिवासी, व्यापारी की आणखी कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (शहराच्या विकास आराखड्यातला आपल्या प्लॉटचा तुकडा) मागा. भाग नकाशा मात्र नीट बघा. प्लॉट रहिवासी झोनमध्ये असला तरी त्यावर शाळेचं, बागेचं किंवा रस्त्याचं आरक्षण असू शकतं, म्हणजे ती जागा आराखड्यात त्या कामासाठी राखून ठेवलेली असू शकते. झोन आणि आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. जागामालक झोन दाखवतो, आरक्षणाचं नाव काढत नाही.

मग रस्ता. रहिवासी झोनमध्ये कोणता वापर चालेल हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. डांबर मोजू नका. विकास आराखड्यात किंवा मंजूर लेआउटमध्ये रस्ता किती मीटर आहे ते बघा. गल्लीतल्या घरात तिथेच राहणाऱ्या डॉक्टरांचा बाह्यरुग्ण दवाखाना बसतो. रुग्ण दाखल करायचे म्हटलं की गणित बदलतं.

हे गणित जिन्यावर दिसतं. दहा खाटांपर्यंत जिना दीड मीटर रुंद हवा, त्याहून जास्त खाटा असतील तर दोन मीटर. राहत्या इमारतीचा जिना सहसा एवढा नसतो आणि तो नंतर रुंद करणं जवळपास अशक्य. म्हणून जागा बघायला जाताना टेप घेऊन जा. पार्किंगचंही तसंच: एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर, दुचाकीला एक बाय दोन. अंगणात आखून बघा, किती बसतात ते तिथल्या तिथे कळतं.

अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो, पण प्रस्ताव नियमात बसत असेल तरच. ही अट विसरून काम सुरू करू नका. परवानगी नाकारली गेली तर 40 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. मिळालेली परवानगी एक वर्ष टिकते. काम लांबणार असेल तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्या.